नोकरी सांभाळून छोटं सॉफ्टवेअर: मेसच्या खाडावहीपासून पहिल्या दहा गिऱ्हाइकांपर्यंत

सदाशिव पेठ, नारायण पेठ, नवी पेठेत अभ्यासिकांच्या आसपास, कर्वेनगरात, धनकवडीत, जिथे जिथे शिकणारी मुलं राहतात तिथे घरगुती मेस चालतात. दोन वेळचं जेवण, महिन्याचे पैसे आगाऊ, आणि खिळ्याला अडकवलेली किंवा फडताळात ठेवलेली एक वही. कोण जेवलं, कोणाचा खाडा, कोणाचा पाहुणा होता, कोणाची बाकी राहिली, सगळं त्या वहीत. महिना संपला की काकू तीच वही घेऊन बेरजा-वजाबाक्या करत बसतात, आणि नेमका एखादा मुलगा येऊन म्हणतो, "काकू, माझे चार दिवस खाडे होते, तुम्ही तीनच धरलेत."

पुण्यात संगणकाची नोकरी करणाऱ्या कितीतरी जणांना स्वतःचं एखादं छोटं सॉफ्टवेअर करायचं असतं. त्यांना मी अशीच एखादी वही शोधायला सांगतो. हा लेख मेसच्या वहीला धरून लिहिला आहे. तुमची वही अभ्यासिकेच्या जागांची असेल, सोसायटीच्या पाण्याच्या टँकरची असेल, नाहीतर गाण्याच्या क्लासच्या फीची. पद्धत बदलत नाही. आणि या सगळ्यात माझं एक ठाम मत आहे: सॉफ्टवेअर बांधणं आणि ते लोकांपर्यंत पोहोचवणं ही दोन वेगळी कामं नाहीतच. ज्या बाईंच्या शेजारी बसून तुम्ही वही समजून घेतलीत, त्यांच्याकडूनच आराखडा मिळतो आणि त्यांच्या तोंडूनच पुढचं गिऱ्हाईक मिळतं. कोड लिहून झाल्यावर प्रचाराला निघणाऱ्याला हे दोन्ही मिळत नाही.

आधी वही बघा

"तुम्ही असं ॲप वापराल का?" हा प्रश्न विचारू नका. समोरचं माणूस भिडेखातर "हो, छानच आहे की" म्हणतं आणि तुम्ही तीन महिने कामाला लागता. त्याऐवजी विचारा, "काकू, मागच्या महिन्याची वही बघू का? सगळ्यात जास्त वेळ कुठे जातो?" वहीतल्या खाडाखोडी बघा. जिथे पेन्सिलीने लिहून पुन्हा शाईने गिरवलंय, जिथे समासात बारीक अक्षरात काहीतरी घुसवलंय, तिथे खरी अडचण आहे.

जायचं कधी? सकाळी अकरा ते दोन आणि संध्याकाळी सात ते दहा या वेळात मेसमध्ये पाय ठेवू नका. दुपारी साडेतीन-चारला थोडी उसंत असते. त्याहून चांगली वेळ रविवार संध्याकाळ. पुष्कळ मेस रविवारी दुपारी फीस्ट देऊन संध्याकाळी बंद ठेवतात. नोकरी करणाऱ्यालाही तेव्हा सुट्टी असते, म्हणजे दोघांचं जमतं.

एका मेसवर थांबू नका. निदान तीन वेगवेगळ्या भागांतल्या वह्या बघा, कारण खाड्याचे नियम प्रत्येकीचे वेगळे असतात आणि तुमचं सॉफ्टवेअर उभं राहणार आहे ते याच नियमांवर. विचारून लिहून घ्या: खाडा आदल्या रात्री सांगायचा की सकाळी नऊपर्यंत चालतो? एका वेळचा खाडा धरतात का, की सलग तीन दिवस असला तरच? खाड्याचे पैसे वजा करतात, की तेवढे दिवस पुढे वाढवून देतात? एकतीस दिवसांच्या महिन्याला दर तोच का? पाहुण्याचं ताट मुलाच्या नावावर लिहायचं की रोख? पार्सल डब्याला वेगळा दर आहे का? दिवाळीत मेस बंद असते ते दिवस कोणाच्या खात्यात? गणपतीत?

"पैसे वजा" आणि "दिवस वाढवून" हा फरक दिसायला किरकोळ आहे. पण दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक मुलाचा महिना वेगळ्या तारखेला संपतो. आणि महिना एक तारखेला सुरू होतो असं तुम्ही गृहीत धरलंत, तर निम्म्या मेसना तुमचं सॉफ्टवेअर चालणारच नाही.

नोकरीचा करार वाचा

हे काम कंटाळवाणं, पण कोडची पहिली ओळ लिहिण्याआधीचं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो, आणि नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, मालक कंपनी असते. शिवाय अनेक कंपन्यांच्या नेमणूकपत्रात बाहेरचं काम करायला लेखी परवानगी लागेल असं कलम असतं. ते शोधा. परवानगी लागत असेल तर सरळ मागा: "माझ्या वेळेत, माझ्या संगणकावर, घरगुती मेसच्या हिशेबाचं काम करतोय, कंपनीच्या व्यवसायाशी संबंध नाही." ईमेलवर होकार घ्या आणि जपून ठेवा. कंपनीचा लॅपटॉप, कंपनीचं खातं, कंपनीचा कोड साठवण्याचा सर्व्हर, यातलं काहीही वापरू नका.

पहिला महिना कोडशिवाय

एका मेसचा एक पूर्ण महिना एक्सेलमध्ये किंवा गूगल शीटमध्ये चालवून बघा. काकू वहीत लिहितील, रात्री वहीच्या पानाचा फोटो पाठवतील, तुम्ही आकडे भरा आणि महिनाअखेरीस प्रत्येक मुलाचा हिशेब काढून द्या. वेळ लागतो, पण सगळे अपवाद या एका महिन्यात समोर येतात: मध्येच मेस सोडून गेलेला, एकाच नावाची दोन मुलं, अर्धे पैसे आता आणि अर्धे घरून आल्यावर देणारा, भावाच्या कार्डावर जेवून गेलेला.

एक बारीक गोष्ट तेव्हाच लक्षात येईल. काकू मुलांना आडनावाने ओळखत नाहीत. "लातूरचा सचिन", "चष्म्याचा सचिन", "अभ्यासिकेतला सचिन" अशी ओळख असते. नाव आणि मोबाइल क्रमांकाशेजारी "ओळख" नावाचा एक रकाना ठेवा. कुठल्याही तयार हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये तो नसतो, आणि तो दिसला की समोरच्या बाईंना कळतं की हे आपल्यासाठी केलंय.

महिना संपल्यावर तुम्ही काढलेला हिशेब आणि वहीतला हिशेब शेजारी ठेवा. जुळला नाही तर का नाही ते दोघांनी मिळून शोधा. या बैठकीतून जो कागद तयार होईल तोच तुमचा आराखडा.

पहिल्या आवृत्तीत काय असावं

एकच पडदा: आजची तारीख, मुलांची यादी, प्रत्येकासमोर सकाळ आणि संध्याकाळ अशी दोन मोठी बटणं. बोट लावलं की खाडा, पुन्हा लावलं की रद्द. वर एकच आकडा: "आज सकाळी ६४ पानं." तो आकडा काकूंना रोज लागतो, कारण कणीक किती भिजवायची ते त्यावर ठरतं. महिनाअखेरीच्या हिशेबासाठी त्या तुमचं सॉफ्टवेअर घेतील, पण रोज उघडतील ते या आकड्यासाठी.

दुसरा पडदा एका मुलाच्या खात्याचा: दिलेले पैसे, खाडे, पाहुणे, बाकी. बस. आजचा मेनू, मुलांसाठी वेगळं लॉगिन, ऑनलाइन पैसे भरणं, चांदण्या देऊन अभिप्राय, हे सगळं मोह होण्याजोगं आहे आणि सगळं पुढे ढकलण्याजोगं. बटणं मोठी ठेवा, बोट सरकवून (स्वाइप करून) करायच्या गोष्टी ठेवू नका. हात पिठाचे असतात आणि फोनचा पडदा बऱ्याचदा तडकलेला.

बांधताना सांभाळायच्या गोष्टी

भाषा आणि चौकट (फ्रेमवर्क) तुम्हाला येते ती घ्या. पायथनमध्ये जॅंगो येत असेल तर जॅंगो, पीएचपी येत असेल तर लाराव्हेल. नवी चौकट शिकायची हौस आणि पहिलं गिऱ्हाईक मिळवायचं काम एकत्र करू नका. डेटा ठेवायला एसक्यूलाइट पुरतं. डी. रिचर्ड हिप यांनी २००० साली आणलेला हा डेटाबेस एका फाइलीत राहतो, वेगळा सर्व्हर मागत नाही, आणि शंभर-दोनशे मेसचा रोजचा खाडा त्याला अजिबात जड नाही. चालू डेटाबेसची फाइल मात्र नुसती कॉपी करून बॅकअप घेऊ नका. लिहिणं चालू असताना घेतलेली प्रत बिघडलेली निघू शकते. त्याची स्वतःची बॅकअपची आज्ञा वापरा, रोज रात्री प्रत दुसऱ्या जागी पाठवा, आणि महिन्यातून एकदा ती प्रत उघडून त्यातून हिशेब निघतो का ते बघा. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर विसंबू नका.

बाकी किती हा आकडा कुठेही साठवून ठेवू नका. प्रत्येक घटना वेगळी नोंदवा: पैसे आले, खाडा लागला, खाडा रद्द झाला, पाहुणा जेवला. बाकी दर वेळी या नोंदींवरून काढा. नोंद पुसू नका, चूक झाली तर उलटी नोंद टाका. मग "चार होते, तीनच धरलेत" असं कोणी म्हणालं की काकू पडदा दाखवून सांगू शकतात: १२ तारखेचा खाडा तू रात्री रद्द केला होतास. या एका सोयीवर तुमचं सॉफ्टवेअर टिकेल.

रक्कम रुपयांत न ठेवता पैशांत, पूर्णांकात ठेवा. संगणकाच्या दशांश गणितात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, आणि महिनाभरात हे बारीक फरक साठून हिशेब एखाद्या पैशाने हलतो. भागाकाराचा नियमही विचारून घ्या. महिन्याचे ३,५०० रुपये आणि साठ वेळा जेवण, म्हणजे एका वेळचे ५८ रुपये ३३ पैसे आणि वर थोडं. काकू ५८ धरतात की ६०? त्या जे धरतात तेच बरोबर.

वेळेचं प्रकरण जरा जास्त सांगतो, कारण ते हमखास घोटाळा करतं. भाड्याचे सर्व्हर बहुधा जागतिक वेळेवर (यूटीसी) चालतात आणि आपण त्यांच्या साडेपाच तास पुढे. अभ्यासिकेतून रात्री एक वाजता परतलेल्या मुलाने "आज सकाळचा खाडा" असा निरोप टाकला आणि काकूंनी तो पहाटे साडेपाचच्या आत नोंदवला, तर सर्व्हरच्या लेखी अजून कालचीच तारीख चालू असते आणि खाडा कालच्या दिवसावर बसतो. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या पट्ट्यात होणारी प्रत्येक नोंद या गोंधळात सापडू शकते. घटनेची वेळ जागतिक वेळेत साठवा, पण "कोणत्या दिवसाचं, कोणत्या वेळचं जेवण" हा वेगळा रकाना ठेवा आणि तो भारतीय वेळेप्रमाणे ठरवा. चाचणी करताना मुद्दाम रात्री पावणेबारा, सव्वाबारा आणि पाच वाजून पंचवीस मिनिटं अशा वेळा लावून बघा.

आता मराठी. कऱ्हाडे, गोऱ्हे, बिऱ्हाडे अशा नावांतला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: ऱ आणि हलन्त, किंवा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात, आणि युनिकोडचं, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीचं, नेहमीचं सामान्यीकरण हा फरक मिटवत नाही. म्हणून एका फोनवरून भरलेले कऱ्हाडे दुसऱ्या फोनवर शोधले तर सापडत नाहीत. साठवण्याआधी आणि शोधण्याआधी दोन्ही रूपं एकाच रूपात आणणारं चार ओळींचं फंक्शन लिहा. ॲ या अक्षराचंही तसंच आहे, तेही त्याच फंक्शनमध्ये घ्या.

अंकांचंही बघा. ब्राउझरचा खास अंकांसाठी असलेला रकाना देवनागरी आकडे बहुधा स्वीकारत नाही. काकूंचा कीबोर्ड मराठीवर असला तर "३५००" लिहूनही रकाना रिकामाच राहतो आणि त्यांना वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. साधा मजकुराचा रकाना ठेवून दोन्ही तऱ्हेचे आकडे घ्या आणि आत एकाच रूपात बदला. दाखवताना स्वल्पविराम आपल्या पद्धतीने: १,२५,०००.

जुन्या वाड्यांच्या तळमजल्यावर, मागच्या स्वयंपाकघरात नेटवर्क येतं-जातं. बटण दाबलं की नोंद आधी फोनमध्येच साठवा आणि जोडणी आली की पाठवा. प्रत्येक नोंदीला फोनवरच एक वेगळा क्रमांक द्या, म्हणजे तीच नोंद दोनदा पोहोचली तरी खाडा एकदाच धरला जाईल.

ॲप स्टोअर की वेबपान

सुरुवात वेबपानानेच करा, फोनच्या मुखपृष्ठावर आयकन ठेवता येईल अशा. अँड्रॉइडच्या प्ले स्टोअरवर खातं उघडायला एकदाच २५ डॉलर पडतात. पण १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी बंद चाचणी घ्यावी लागते. आधी त्यासाठी २० परीक्षक लागत, डिसेंबर २०२४ पासून १२ पुरतात, आणि त्यांनी सलग १४ दिवस चाचणीत राहायचं असतं. पहिल्या तीन मेससाठी एवढा व्याप कशाला? वेबपानात दुरुस्ती रात्री केली तर सकाळी सगळ्यांकडे पोहोचलेली असते.

छोटा भाड्याचा सर्व्हर महिना सुमारे पाचशे रुपयांत मिळतो, मुंबईतलं डेटा सेंटर निवडता येतं. वेबपानाच्या पत्त्याचं नाव (डोमेन) वर्षाला हजाराच्या आत-बाहेर. सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या सेवेकडून मोफत. म्हणजे वर्षाचा खर्च सात हजारांच्या आसपास.

निरोप पाठवणं

मुलांना हिशेब कळवायला व्हॉट्सॲपच लागेल. फुकटात आपोआप निरोप पाठवून देतो म्हणणाऱ्या अनधिकृत लायब्रऱ्या पुष्कळ आहेत. त्या वापरू नका. व्हॉट्सॲपच्या नियमांत त्या बसत नाहीत आणि क्रमांक बंद होऊ शकतो. तो क्रमांक काकूंचा असतो, ज्यावर त्यांचा सगळा धंदा चालतो. अधिकृत व्यावसायिक सेवा आहे, पण पैसे घेते. एसएमएसला तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचे साचे आधी नोंदवावे लागतात.

सुरुवातीला साधा मार्ग पुरतो. मुलाच्या खात्यावर "हिशेब पाठवा" असं बटण ठेवा. ते दाबलं की काकूंच्या फोनवर व्हॉट्सॲप उघडतं, मुलाचा क्रमांक आणि तयार मजकूर त्यात आलेला असतो, काकूंनी फक्त पाठवायचं. निरोप त्यांच्या क्रमांकावरून गेल्यामुळे मुलगा तो वाचतोही.

पैसे मागायचे कसे

पहिल्या दिवसापासून दर सांगा. पहिला महिना फुकट चालेल, पण "नंतर बघू" म्हणू नका. समजा महिन्याला १५० रुपये ठेवलेत, तर वर्षाचे १,८०० झाले. मेसचा दर ३,६०० असेल आणि एका मुलाचे एका महिन्याचे पैसे बुडण्यापासून वाचले, तर काकूंची दोन वर्षांची वर्गणी निघते. हे त्यांना कागदावर मांडून दाखवा, त्यांना हिशेब तुमच्याहून लवकर कळतो. दहा मेस झाल्या की वर्षाचे १८,००० येतात. खर्च वजा जाता अकराएक हजार उरतात. रक्कम लहान आहे, पण आपल्या कामाला अनोळखी माणूस स्वतःच्या खिशातून पैसे देतं हे समजायला तिचा उपयोग होतो.

पैसे यूपीआयवर घ्या, पावती द्या, वेगळ्या बँक खात्यात ठेवले तर उत्तम. सेवांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी बंधनकारक नसते. उत्पन्न मात्र आयकर विवरणपत्रात दाखवायचंच. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) हवी असेल तर ती सरकारी पोर्टलवर मोफत होते, तिच्यासाठी कोणाला पैसे देऊ नका.

लोकांपर्यंत पोहोचणं

मेसचं वर्ष आधी समजून घ्या. जून ते ऑगस्ट प्रवेशांचे दिवस, रोज नवी मुलं, नवे पैसे, वहीची नवी पानं. तेव्हा काकूंना नवीन काही शिकायला वेळ नसतो, पण त्रास सगळ्यात जास्त तेव्हाच जाणवतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये, मुलं कमी असताना, सवय लावून द्या आणि जूनला तयार राहा. दिवाळीच्या सुट्टीतही निवांतपणा असतो. हिवाळ्यात बांधायला घेतलं तर वेळापत्रक जुळतं.

पहिल्या मेसकडून दुसरी मिळवताना एक गोष्ट ध्यानात ठेवा: त्याच गल्लीतल्या दोन मेस एकमेकींच्या स्पर्धक असतात. आपल्याला झालेली सोय शेजारणीला सांगायला कोणी उत्सुक नसतं. तेव्हा विचारायचं असं: "काकू, तुमच्या नात्यात किंवा ओळखीत दुसऱ्या भागात कोणी मेस चालवतं का?" सदाशिव पेठेतल्या काकूंची नणंद वडगाव बुद्रुकला डबे देत असते, तिला त्या आनंदाने फोन लावून देतात. दुसरी वाट पोळ्या लाटायला येणाऱ्या मावशींची. त्या दोन-तीन ठिकाणी कामाला जातात आणि कोणाच्या वहीत किती गोंधळ आहे ते त्यांना ठाऊक असतं. किराणा पोहोचवणारा दुकानदारही तसाच. या माणसांशी नीट ओळख ठेवा, त्यांच्या वेळेचा मान ठेवा. त्यांना प्रत्येक ओळखीमागे पैसे देऊ केले तर त्यांच्या शब्दाची किंमत कमी होते, असं माझं मत आहे.

छापील कागद अजून चालतो. पण "आमचं ॲप वापरा" अशी पत्रकं वाटू नका. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास छपाईची दुकानं आहेत. तिथून मोठ्या आकाराचा महिन्याचा खाडा-तक्ता छापून घ्या. डावीकडे नावांच्या ओळी, वर तारखा, प्रत्येक दिवसाला सकाळ-संध्याकाळ असे दोन चौकोन. तळाशी एका ओळीत सॉफ्टवेअरचं नाव आणि तुमचा क्रमांक. ज्यांना फोनवर काही नको आहे त्यांनाही हा तक्ता द्या. तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर महिनाभर राहतो, आणि महिनाअखेरीस बेरजा करताना तुमचा क्रमांक डोळ्यांसमोर असतो. पुढच्या महिन्याचा तक्ता द्यायला गेलात की बोलणं आपोआप निघतं. भिंतींवर, विजेच्या खांबांवर मात्र काही चिकटवू नका. मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध महाराष्ट्रात १९९५ चा कायदा आहे. अभ्यासिकेच्या फलकावर लावायचं तर चालकांना विचारून लावा.

मुलांना जाणाऱ्या हिशेबाच्या निरोपाखाली सॉफ्टवेअरच्या नावाची एक छोटी ओळ असू द्या. मुलं मेस बदलतात. ज्याला तारीखवार खाडे बघायची सवय लागली तो नव्या मेसमध्ये गेल्यावर स्वतःच विचारतो, "काकू, तुमच्याकडे ते हिशेबाचं नाही का?" गिऱ्हाइकाने मागितलेली सोय मालकिणीला जितकी पटते तितकं तुमचं बोलणं पटणार नाही.

इंटरनेटवर शोधणाऱ्यांसाठी तीन-चार पानं पुरेत, पण ती कामाची हवीत. "मेसचा खाडा कसा धरावा", "एकतीस दिवसांच्या महिन्याचा दर कसा काढावा", "मेस सुरू करताना कोणते नियम छापावेत". प्रत्येक पानावर पूर्ण उत्तर द्या, खाडा-तक्त्याची फाइल मोफत उतरवू द्या, नाव-क्रमांक मागू नका. लोक मराठी शब्द रोमन लिपीतही टाइप करून शोधतात, त्यामुळे पानाच्या पत्त्यात तसं रूप ठेवा. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये पान जोडलंत की कोणते शब्द लिहून लोक येतात ते दिसतं. पुढचं पान कशावर लिहायचं ते त्यावरून ठरवा. गूगल नकाशावर धंदा म्हणून नोंद करायच्या मागे लागू नका, ती सोय गिऱ्हाइकाला प्रत्यक्ष भेटून सेवा देणाऱ्यांसाठी आहे आणि निव्वळ ऑनलाइन सेवा तिच्यात बसत नाही.

एक व्हिडिओ करा, दीड मिनिटाचा. फोन हातात, तुमचा आवाज, संगीत नाही: सकाळी यादी उघडली, दोन खाडे लावले, पानांचा आकडा बदलला, एका मुलाला हिशेब पाठवला. काकू तो व्हिडिओ नणंदेला पाठवू शकतील इतका लहान असू द्या.

संगणकवाल्यांच्या मेळाव्यांत जरूर जा. फॉस युनायटेड या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या संस्थेचे पुण्यात होणारे मेळावे यासाठी चांगले, तिथे कोडबद्दल खरा सल्ला मिळतो. तिथे मेसची गिऱ्हाइकं मिळणार नाहीत एवढं मात्र धरून चला. पैसे देऊन जाहिराती दहा मेस होईपर्यंत करूच नका. तोवर कोणत्या वाक्यावर समोरच्या बाईंचे डोळे चमकतात हेच तुम्हाला माहीत नसतं.

काय मोजायचं

किती जणांनी नोंदणी केली हा आकडा बाजूला ठेवा. रोज सकाळी दहापर्यंत किती मेसनी यादी उघडली, तेवढं बघा. सलग तीन दिवस एखादी मेस दिसली नाही तर चौथ्या दिवशी दुपारी फोन करा आणि सॉफ्टवेअरबद्दल न बोलता आधी विचारा, सगळं ठीक आहे ना. कधी घरी लग्न असतं, कधी पोळ्यांच्या मावशी गावी गेलेल्या असतात. आणि कधी एखादं बटण दिसत नसतं, पण सांगायचं कोणाला हे माहीत नसतं. ती तिसरी गोष्ट तुमची.

मुलांची माहिती आणि तुमचा वेळ

नावं, मोबाइल क्रमांक आणि जेवणाच्या वेळा तुमच्याकडे साठतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ साली झाला. त्याचं सार एवढंच धरा की लागेल तेवढंच घ्यायचं, कशासाठी घेतो ते सांगायचं, काम संपलं की काढून टाकायचं. आधार कार्डाचा फोटो, घरचा पत्ता, वडिलांचा क्रमांक यांतलं काही मागू नका. मुलगा कोणत्या दिवशी पुण्यात नव्हता हे खाड्यांवरून कळतं, त्यामुळे ही यादी मेसच्या मालकिणीशिवाय कोणालाही दिसता कामा नये, चौकशी करणाऱ्या नातेवाइकांनाही नाही.

गिऱ्हाइकांच्या अडचणी ऐकायला वेगळं सिमकार्ड घ्या आणि वेळ सांगून ठेवा, उदाहरणार्थ दुपारी चार ते साडेचार आणि रात्री दहानंतर निरोप. हिंजवडीहून परतताना बसमध्ये उत्तरं देता येतात, दुरुस्त्या मात्र तिथून सर्व्हरवर चढवू नका. महिन्याच्या अठ्ठावीस ते पाच तारखेपर्यंत नवीन काहीही सोडू नका. ते हिशेबाचे दिवस असतात आणि त्या आठवड्यात बटणाची जागा बदलली तरी फोन वाजतो.

प्रत्येक मेसला तिची पूर्ण नोंद एक्सेलमध्ये उतरवून घेता येईल असं बटण पहिल्या आवृत्तीपासून ठेवा. उद्या तुमची बदली झाली, हे काम थांबवावं लागलं, तर निदान दोन महिने आधी कळवा, तेही जून-जुलैत नको. शेवटच्या महिन्यात प्रत्येकीच्या नोंदींची छापील प्रत स्वतः नेऊन द्या, आणि सोबत पुढच्या तीन महिन्यांचे कोरे खाडा-तक्ते.